मागच्या दाराची दोरी



आपल्या चर्चची जुनी जीप आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. सणाच्या मंडपाचे बांबू, लग्नाच्या खुर्च्या, दवाखान्यात न्यायची आजारी माणसे, वसतिगृहातील मुले, सारे काही तिने वाहिले आहे. गेल्या डिसेंबरपासून तिच्या मागच्या दाराचे लॉक नीट बसत नव्हते, हेही पुष्कळांना ठाऊक असेल, कारण त्या दाराला बांधलेली निळी नायलॉनची दोरी सर्वांनी पाहिली आहे. काहींनी थट्टा केली, आम्हीही हसलो. आज त्या दोरीविषयीच लिहायचे आहे.

जुलै महिन्यात एका रविवारी संध्याकाळी मोखाड्याच्या बाजूच्या पाड्यांवरून आम्ही आठ मुलांना घेऊन वसतिगृहाकडे परतत होतो. पाऊस लागलेला होता. दोरीचे टोक आत बाकाला बांधलेले असे आणि वर एक मुलगा ते हातात धरून बसे. हे काम नऊ वर्षांच्या एका मुलाने आपणहून घेतले होते. त्याला ते फार मानाचे वाटे, दुसऱ्या कोणाला तो दोरीला हात लावू देत नसे. एका वळणावर मागचे चाक खड्ड्यात आदळले, गाठ सुटली आणि दार सताड उघडले. एक दप्तर व तांदळाची पिशवी रस्त्यावर गेली. मुले एकमेकांना धरून बसली म्हणून वाचली. आम्ही गाडी थांबवून मागे धावलो तेव्हा त्या मुलाच्या दोन्ही तळहातांची साले निघाली होती आणि तो रडत म्हणत होता, "फादर, चुकलं माझं. दोरी सटकली हातातून."

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. "देवानं वाचवलं, फादर," ती म्हणाली. आम्ही मान हलवली. देवाने वाचवले हे खरेच, पण ते वाक्य आमच्या तोंडी शोभले नसते. सात महिने आम्ही जे टाळले त्याची भरपाई परमेश्वराच्या नावावर मांडायची आणि आपण आभाराची मिस्सा करून मोकळे व्हायचे, हा हिशेब आम्हाला पटेना.

त्याच आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये नेली. आमचा समज असा, की लॉक खराब झाले आहे. मिस्त्रींनी लॉककडे पाहिलेही नाही. दार उघडून त्यांनी ते खालच्या कडेला धरून वर उचलले, तर दार अर्धे पेर वर सरकले. "फादर, लॉक चांगलं आहे, दार खाली बसलंय," ते म्हणाले. स्टेपनी या दारावरच असते. प्रत्येक खड्ड्यात तिचे वजन बिजागऱ्यांना हिसका देते. बिजागरीची पिन झिजते, बुशचे गोल भोक लांबट होते आणि दाराची मोकळी बाजू हळूहळू खाली उतरते. मग दारातला आकडा चौकटीवरच्या खुंटीला नेमका भेटत नाही. या लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्या 'टक'ला दार अडकते, दुसऱ्या 'टक'ला ते पक्के बसते. आमचे दार कित्येक महिने पहिल्याच टप्प्यावर थांबत होते. आवाज होई, म्हणून आम्हाला वाटे लागले, आणि वर दोरी होतीच.

मिस्त्री पुढे म्हणाले, "खुंटीच खाली सरकवून द्या म्हणालात तर दहा मिनिटांत देतो. पण दार आणखी बसेल आणि तुम्ही परत याल." आम्ही बिजागऱ्या करायला सांगितल्या. स्टेपनी उतरवून नव्या पिना व बुश बसवले, दार सरळ टांगले आणि मगच खुंटीला हात लावला. खुंटीला खडू फासून दार अलगद लावायचे, आकड्याची खूण कुठे उमटते ते पाहायचे, पातळ पॅकिंग घालायचे, बोल्ट आवळायचे, असे चार-पाच वेळा झाले. कडेचे रबरही बदलले. रबर व दार यांच्यात कागदाची पट्टी धरून दार लावले, ती ओढून सहज निघाली नाही तेव्हा त्यांचे समाधान झाले. आम्हाला ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे मागच्या फटीतून धूळच नव्हे, सायलेन्सरचा धूरही आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे बसलेली मुले नेहमी पेंगत येत. आम्ही म्हणायचो, दमली बिचारी. ती खरेच दमली असतील, पण आता तसे खात्रीने म्हणवत नाही.

सगळा खर्च 1,850 रुपये झाला. पाळकीय परिषदेच्या जानेवारीच्या बैठकीत हा विषय आम्हीच 'सणानंतर पाहू' म्हणून पुढे ढकलला होता. सणाच्या ध्वनिक्षेपकांचे भाडे याहून बरेच अधिक होते.

आता प्रश्न असा, की कोणाला काहीच झाले नाही, मग आमचा अपराध केवढा? अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी 1976 साली 'नैतिक नशीब' या विषयावर निबंध लिहिला. त्यात ब्रेक तपासून न घेणारा एक ट्रकचालक आहे. मूल आडवे आले तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल, न आले तर त्याला काही आठवणारही नाही. निष्काळजीपणा मात्र दोन्हीकडे तोच. आपला कायदाही परिणाम पाहतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास कलम 125 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. मृत्यू ओढवला तर कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत. कायद्याला तसे करावेच लागते, त्याला रडणाऱ्या आईला उत्तर द्यायचे असते. पण म्हणून दोरी बांधून धावणारी प्रत्येक गाडी त्या फरकाएवढी निर्दोष ठरते का? आम्हाला तसे वाटत नाही.

अनुवाद ग्रंथाच्या 22 व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कोणी पडेपर्यंत ती थांबत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी हयगयीविषयी लिहिताना तिला आळसापासून वेगळे केले आहे. आळस हा करण्यातला मंदपणा, तर हयगय ही आतल्या निवडीतली उणीव. सेमिनरीत हा भेद पाठ करताना आम्हाला तो उगाच बारीक वाटला होता. दर सोमवारी गॅरेजवरून जाताना आम्ही आळशी नव्हतो, चांगले कामात होतो. दार मात्र कधीच निवडले नाही. मिस्सेच्या आरंभीच्या पापकबुलीत विचार, शब्द व कृती यांच्या जोडीला, जे करायचे राहिले त्याचा उल्लेख 1970 च्या मिस्सा ग्रंथापासून आला. तो आम्ही रोज म्हणतो, आणि रोज भरभर म्हणतो.

तरीही सर्वांत जास्त बोचते ते दार नव्हे. आमचे काम आम्ही एका नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिले, त्याला त्याचा अभिमान वाटू दिला, आणि ते फसल्यावर क्षमा त्याने मागितली.

मागच्या रविवारी आम्ही त्याला बोलावून घेतले. तळहात आता बरे आहेत. चूक तुझी नव्हती, आमची होती, तू आम्हाला माफ कर, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने नुसते ऐकून घेतले. मग अंगणातल्या जीपकडे जाऊन त्याने मागचे दार दोनदा उघडून लावून पाहिले आणि थोडा हिरमुसून विचारले, "म्हणजे आता दोरी नाही धरायची, फादर?"