उलटतपासणीची तारीख

‘आकडेमोड बिनचूक असेल तर निष्कर्ष चुकेलच कसा?’ एका चर्चेत कुणीतरी ठामपणे म्हणालं आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. सप्तर्षीतल्या एका क्वेसारनं त्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे.

वाटेतल्या आकाशगंगेचं गुरुत्व मागच्या वस्तूचा प्रकाश वाकवून तिच्या एकाहून अधिक प्रतिमा दाखवतं, तेव्हा तिला गुरुत्वीय भिंग म्हणतात. १९७९ साली सापडलेल्या या क्वेसारच्या दोन प्रतिमांचा प्रकाश वेगवेगळ्या वाटांनी येतो. एकीतला चढउतार दुसरीत उशिरा दिसतो. क्वेसारमधल्या कृष्णविवराभोवतीच्या तप्त तबकडीची ही चमक बेताल असते, हे आपलं भाग्यच. ठेका नियमित असता तर कुठला ठोका कुठल्याशी जुळवायचा, हेच कळलं नसतं.

नॉर्वेच्या रेफ्सडाल या खगोलशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये, असं एकही भिंग सापडलेलं नसताना, दाखवून दिलं होतं की या उशिरावरून विश्वप्रसरणाचा वेग काढता येईल. म्हणजे उशीर चुकला, की तो वेग चुकला आणि त्यावर बेतलेला विश्वाच्या वयाचा हिशेबही चुकला.

व्हँडरिएस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उशीर ४१५ दिवसांचा ठरवला. १९९२ साली प्रेस, रायबिकी आणि ह्युइट यांनी तीच निरीक्षणं अधिक कसोशीच्या संख्याशास्त्रानं तपासली आणि ५३६ दिवस काढले. गणितात खोट नव्हती. पण दरवर्षी सूर्य त्या बाजूला आला की निरीक्षणं थांबतात, आलेखात खिंडार पडतं. ५३६ दिवस म्हणजे जवळपास दीड वर्ष. आलेख तेवढा सरकवला की एका प्रतिमेचे बरेच ठिपके दुसरीच्या खिंडारात पडतात, आणि तिथे त्यांना खोटं पाडायला कुणी नसतं. साक्षीदार गैरहजर असताना लागलेला हा निकाल. जुळणं वेगळं आणि कसाला उतरणं वेगळं, ते यासाठी.

डिसेंबर १९९४ मध्ये पहिल्या प्रतिमेचा प्रकाश अचानक सुमारे दहा टक्क्यांनी घटला. कुंडिच आणि सहकाऱ्यांनी भाकीत आधीच छापून टाकलं. धाकटा आकडा खरा असेल तर दुसरी प्रतिमा फेब्रुवारी १९९६ च्या सुमारास मंदावेल. थोरला खरा असेल तर जूनच्या सुमारास. ती फेब्रुवारीत मंदावली. उशीर ठरला ४१७ दिवसांचा.

इथं संख्याशास्त्राला दोषी ठरवून थांबता येईल, पण ते अन्यायाचं होईल. ५३६ म्हणणाऱ्यांनी ‘वर्ष-दीड वर्ष’ असं मोघम सांगितलं नव्हतं. जेमतेम दोन आठवड्यांची सूट घेऊन त्यांनी आपला आकडा मांडला, म्हणूनच आकाशाला तो खोडता आला. मोघम उत्तर आजही बरोबर राहिलं असतं, आणि कुणाच्याच उपयोगी पडलं नसतं. बिनचूक आकडेमोड निष्कर्षाची हमी देत नाही. निष्कर्ष चुकीचा असेल तर ते कोणत्या महिन्यात उघडकीला येईल, एवढं मात्र ती आधी सांगू शकते. मला तिच्याबद्दल आदर वाटतो, तो एवढ्याचसाठी.