वाईट चालीलाही बुकात जागा हवी

बुद्धिबळपटू दिव्या देशमुखच्या नागपुरात, आमच्या नंदनवन वस्तीतही, मुलं आता बुद्धिबळ शिकतात ती बहुतेक संगणकासमोर बसून. डावाच्या पहिल्या चाली तो झटपट खेळतो, म्हणून त्या बिनचूकच असणार, असं मुलं धरून चालतात. खरं तर त्या चाली त्याने शोधलेल्या नसतात. सुरुवातीच्या चालींचा तयार साठा म्हणजे ‘ओपनिंग बुक’, त्यातून उचललेल्या असतात. पॉलिग्लॉट या प्रचलित पद्धतीत एक नोंद 16 बाइटची असते. पटावरची स्थिती, चाल आणि चालीचं वजन हा तिचा मुख्य भाग. वजन काढताना चाल खेळणाऱ्याने डाव जिंकला तर 2 गुण, बरोबरी झाली तर 1, हरला तर काही नाही.

गोम इथेच आहे. 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोत माइल्सविरुद्ध ख्रिस्तियन्सनने पेट्रॉफ बचावात पाचव्या चालीला उंट एफ5वर आणला. माइल्सने त्याचा फायदा घेतला नाही आणि डाव बरोबरीत सुटला. पुढच्याच वर्षी बीलमध्ये विश्वनाथन आनंदने सापाटाविरुद्ध तीच चाल खेळली. सापाटाने वजीर ई2वर ठेवला. आनंदचा ई4वरचा घोडा राजापुढे जखडला गेला, तो वाचवायला मार्ग उरला नाही. भारताच्या पहिल्या ग्रँडमास्टरने सहाव्या चालीलाच डाव सोडला! आणि पॉलिग्लॉटच्या हिशेबात माइल्सच्या डावातून त्याच चालीला 1 गुण मिळतो. समोरच्याचा गाफीलपणाही चालीच्या खात्यात जमा होतो तो असा.

मग अशी चाल बुकातून काढून टाकावी का? मला ते साफ चुकीचं वाटतं. आपण ती खेळू नये, म्हणून तिचं वजन शून्य करावं. चेसबेस या बुद्धिबळ सॉफ्टवेअरच्या बुकात तर अशी चाल लाल करून ठेवता येते. पण समोरच्याने ती खेळली तर उत्तर हाताशी हवं. 11 मे 1997 रोजी न्यूयॉर्कमध्ये, डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या निर्णायक सहाव्या डावात, जगज्जेत्या कास्पारोव्हने कारो-कान बचावात सातव्या चालीला प्यादं एच6वर सरकवलं. ती चाल चुकीची ठरली. डीप ब्लूने लगेच ई6वर घोड्याचा बळी दिला. त्या काळचं यंत्र निव्वळ आकडेमोडीवर असा बळी सहसा देत नसे; माणसांनी ते उत्तर बुकात घालून ठेवलं होतं. कास्पारोव्हने 19 चालींत डाव सोडला.

आजचं बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, सापाटाची चाल क्षणात दाखवतं, हे खरं. स्पर्धेच्या पटावर मात्र मुलाजवळ इंजिन नसतं. असते ती वहीतून डोक्यात उतरलेली तयारी. म्हणून मुलांना शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वहीतली वाईट चाल खोडायला लावू नका. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढायला सांगा आणि तिचं उत्तर मुलालाच पटावर शोधून शेजारी लिहू द्या.