एक पाय गेला तरी चालेल

1991 साली फ्लोरिडातल्या कॉलीन रँड आणि ॲलेक्स मॅकग्रेगर या संशोधकांनी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या 47 जणांना एक विचित्र पेच घातला. सगळ्यांनी निदान 45 किलो वजन उतरवून ते तीन वर्षं टिकवलं होतं. पुन्हा पहिल्याइतकं लठ्ठ व्हाल, की त्याबदली दुसरं एखादं दुखणं पत्कराल? बहिरेपण, मधुमेह, हृदयविकार, यांतलं काहीही चालेल, असं 47च्या 47 जण म्हणाले. पाय कापून घ्यायला 43 जण तयार होते, आंधळेपणाला 42. लठ्ठ राहून कोट्यधीश व्हायला एकही जण राजी झाला नाही.

रुग्ण समाधानी आहेत का, याला यापेक्षा ठाम उत्तर मिळणं कठीण. (वजन परत चढलेली माणसं या 47 जणांत नव्हतीच, हेही ध्यानात ठेवावं.) पण हे आकडे वाचून मला शस्त्रक्रियेचं कौतुक करावंसं वाटेना. आंधळ्याला आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो. त्याला कुणी ‘जरा मनावर घे’ म्हणत नाही. लठ्ठ माणसाच्या ताटात मात्र वाटेल तो डोकावतो. ती 47 माणसं चरबीला भ्यायली होती की आपल्याला?

डॉक्टरांनी समाधानाला गुण द्यायचीही सोय केली आहे. 1998 साली ओरिया आणि मूरहेड यांनी ‘बॅरोस’ नावाची मोजपट्टी मांडली. घटलेलं वजन, आटोक्यात आलेले आजार आणि रुग्णाला आपलं आयुष्य कसं वाटतं, या तिन्हींचे गुण धरायचे. गुंतागुंत झाली तर वजा करायचे. निकाल ‘अपयशी’पासून ‘उत्कृष्ट’पर्यंत. शाळेचं प्रगतिपुस्तकच म्हणा ना! पण ते कोणत्या वर्षी भरता, यावर बरंच काही ठरतं. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात रुग्णांचा आनंद पहिल्या वर्षी शिगेला पोचला, पुढे काही वर्षं ओसरत गेला आणि मग स्थिरावला. तरी शस्त्रक्रियेआधीपेक्षा तो वरच राहिला. जठराचा बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के घटलं होतं, दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली.

पोट भरणं आणि तृप्त होणं यांत मराठीने पूर्वीपासून भेद केला आहे. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही त्याबरोबर घटतं. चार घासांत पोट भरतं. पण संध्याकाळी एकटं वाटलं की हात डब्याकडे जायचा, त्या एकटेपणाला सुरी लागत नाही. शिवाय जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, बायपासनंतर गोड खाल्लं की धडधड आणि घाम, आणि पोटावर लोंबणारी कातडी. कपड्यांतलं समाधान आरशापुढे उघडं पडतं ते असं.

तरी बहुतेक रुग्ण ‘पुन्हा करीन’ म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. गुडघे दुखायचे थांबतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, बुटाची नाडी स्वतःला बांधता येते. नाडी बांधता येणं ही काय चीज आहे, ते ज्याला येत नव्हतं त्यालाच विचारावं. पण या आनंदात कधीकधी एक राग मिसळलेला असतो, आणि त्याला कोणत्याच मोजपट्टीत रकाना नाही. बारीक झाल्यावर शेजारी हसून बोलू लागतात, दुकानदार ‘या, या’ म्हणतो, साहेबांना नाव आठवतं. माणूस सुखावतो. मग घरी येऊन हिशेब करत बसतो, की इतकी वर्षं यांना मी दिसत कसा नव्हतो.