एका शेतातली तीन शतके

एका समाजाच्या हाती किरणास्त्र, दुसऱ्याच्या हाती भाला. विज्ञानकथेतली ही मांडणी जुनी आहे, आणि तिचा ठसठशीत नमुना म्हणजे एच. जी. वेल्स यांची १८९८ ची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. मंगळवासी लंडनवर चालून येतात. पण त्यांना दोष देण्याआधी आपण टास्मानियातल्या माणसांचे काय केले ते आठवा, असे वेल्स पहिल्याच प्रकरणात बजावतात. पुढच्या नकलांतून ती बोच गेली आणि फक्त शिडी उरली: कोणी वरच्या पायरीवर, कोणी खालच्या.

मराठीत ही शिडी हलवली जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतावर विश्वासराव बचावतात, मराठे जिंकतात आणि युरोपातले येऊ घातलेले यंत्रयुग ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रे काढतात. ईस्ट इंडिया कंपनी मदतीला तज्ज्ञ देऊ करते. ते घेतले जातात, पण इथली केंद्रे स्वतःच्या पायावर उभी राहण्यापुरतेच. मला हा तपशील त्या विजयाहून मोठा वाटतो. यंत्र कोणाकडे आहे, यापेक्षा ते घडवायला कोण शिकले, हा प्रश्न इथे आला.

खरे पानिपत तरी शिडीत कुठे बसते? १४ जानेवारी १७६१ रोजी फ्रेंच पद्धतीचा शिस्तबद्ध तोफखाना मराठ्यांकडे होता, इब्राहिमखान गारद्याचा. अब्दालीकडे उंटांवरच्या हलक्या तोफा, म्हणजे जंबुरका, होत्या. जड तोफा जागच्या हलेनात. जंबुरका उंट जाईल तिथे गेल्या. यात पुढारलेला कोण, ते ठरवणे अवघड आहे.

आणि परभणी जिल्ह्यात तर हा प्रश्न दर मृगात रानात उभा असतो. मानवत-सेलूकडच्या काळ्या जमिनीत बैल काकऱ्या पाडतात. मागून बाया ओणव्याने सरकी टोबत जातात. त्यांच्या चिमटीतल्या त्या दाण्यात जिवाणूचे जनुक आहे. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. मालकाच्या खिशातल्या मोबाइलवर पावसाचा अंदाज. वेचणी पुन्हा हातानेच, आणि तिथून कापूस जिनिंगला. बैल, जनुक आणि मोबाइल एकाच बांधाच्या आत. कोणी कोणाची जागा घेतलेली नाही. फक्त पूर्वी घरची सरकी पुढच्या सालासाठी ठेवता येई. संकरित बियाण्याचे पाकीट दरसाल विकत आणावे लागते. विषमता असते ती इथे.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. तेव्हा सल्ला काय होता? फरदड, म्हणजे हंगामानंतर राखलेले पीक, घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत मोडा, कामगंध सापळे लावा. म्हणजे नव्या बियाण्याला सापळ्यांसोबत जुन्या मशागतीचाही आधार लागला. पुढे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आपला जुना ‘नांदेड-४४’ वाण बीटी रूपात आणला. नारळीकरांच्या कथेतल्या विज्ञानकेंद्राचा हा आपल्या मातीतला नातलग.

म्हणून कल्पित जग रचणाऱ्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे. शस्त्रांची यादी नंतर करा. तुमच्या जगात बियाणे कोण विकतो, बिघडलेल्या यंत्राचा सुटा भाग कुठून येतो आणि सगळी यंत्रे आल्यावरही कोणाची पाठ वाकलेली राहते, हे आधी लिहा.