मटाटू म्हणजे वडाप

डिसेंबरातला दुसरा रविवार आमच्याकडे भांडणाचा. डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चौदा-पंधरा जण महिन्यातून एकदा पुस्तकावर बोलायला जमतो, आणि त्या रविवारी पुढच्या वर्षीचे लेखक ठरतात. वर्षभर एकमेकांना अहो-जाहो करणारी माणसं त्या दिवशी हमरीतुमरीवर येतात. मधे पोह्यांचं पातेलं असतं म्हणून निभावतं.

बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी तीन वर्षांपूर्वी यावर तोडगा काढला. बारा महिने, बारा देश. चौकटी आखलेला तक्ताच करून आणला होता. जानेवारी रशिया, फेब्रुवारी जपान, मार्च कोलंबिया. एप्रिलच्या चौकटीत लिहिलं होतं : आफ्रिका. रुग्णालयात नर्स असलेल्या आमच्या ताई पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाल्या, “काका, आफ्रिका हा देश कधी झाला?” संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेचे ५४ देश आहेत. काका ओशाळले, त्यांनी ‘आफ्रिका’ खोडून ‘नायजेरिया’ केलं, आणि तक्ता मंजूर झाला.

ते वर्ष वाईट गेलं. पुस्तकं चांगली होती, पण चर्चा दर वेळी एकाच वळणावर जायची : जपानी माणसं अशी असतात तर! रशियन लोक फार सोसतात, नाही का? लेखकाला आम्ही त्याच्या देशाचा वकील करून टाकलं होतं. उलट बाजूनं विचार करून पाहा. ओसाकातल्या एखाद्या वाचनगटानं ‘महाराष्ट्र’ अशी चौकट आखली आणि तिच्यात एकच पुस्तक बसवलं, तर कोणतं? ‘श्यामची आई’ वाचून त्यांना आपण सगळे मातृभक्त वाटू. ‘कोसला’ वाचली तर सगळे पुण्याच्या होस्टेलात उदास बसलेले. ‘गोलपिठा’ वाचलं तर आणखी तिसरंच. तिन्ही खरी आणि तिन्ही मिळूनही पुरी नाहीत. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरला महाराष्ट्राचा प्रतिनिधी नेमलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी राजीनामा दिला असता.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, नोबेलची यादी घ्या, निवड तयारच आहे. तीही वाट आम्ही थोडी चालून पाहिली. १९०१ साली साहित्याचं पहिलं नोबेल द्यायची वेळ आली तेव्हा टॉल्स्टॉय हयात होता, पुढंही नऊ वर्षं होता. बक्षीस मिळालं सुली प्रुदोम या फ्रेंच कवीला. त्याची एक तरी ओळ वाचलेला माणूस मला डोंबिवलीत अजून भेटायचा आहे. २०२५ पर्यंत हे नोबेल १२२ जणांना मिळालं, त्यांत बायका १८. स्टॉकहोमच्या समितीचा शहाणपणा मी नाकारत नाही, पण तिच्या यादीवरून आपलं वर्ष आखणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या वाणसामानाच्या यादीवर आपला स्वयंपाक करणं.

मग निवडायचं कसं? माझं म्हणणं हळूहळू असं होत गेलं की आपण लेखक निवडतो हा आपला एक गोड समज आहे. आपल्या हाती येतं ते कुणीतरी आधीच उचलून, पाठीवर घालून आणलेलं असतं. त्या आणणाऱ्याकडे आपण कधी बघत नाही. यादी करायचीच तर त्याच्यापासून करावी.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. अमेरिकन साहित्यातून मराठीत काही आणायचं तर फॉक्नर होता, स्टाइनबेक होता. त्यांनी उचलला कॉनराड रिश्टर. अमेरिकेतही आज हे नाव सहज कुणाच्या तोंडी येत नाही. ओहायोच्या घनदाट अरण्यात वस्तीला आलेल्या एका कुटुंबावरच्या त्याच्या तीन कादंबऱ्या जी. एं.नी मराठीत केल्या : ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. झाडांनी गिळलेली जमीन, मग नांगरलेली जमीन, मग त्या जमिनीवर उभं राहिलेलं गाव. मूळ नावांतल्या तीन शब्दांना इतके सहज तीन मराठी शब्द मिळाले की रिश्टरनं ते मराठीसाठीच राखून ठेवले होते असं वाटावं. त्यातल्या ‘फील्ड्स’ला जी. ए. ‘शेतं’ म्हणू शकले असते. ‘शिवार’ म्हटल्यावर शेतांबरोबर बांध आला, वाटा आल्या, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर आलं. रिश्टरला तिसऱ्या कादंबरीसाठी १९५१ साली पुलित्झर मिळालं, हे आम्हाला पुस्तक वाचून संपल्यावर कळलं. कळलं नसतं तरी काही बिघडलं नसतं. आम्ही ती पुस्तकं घेतली ती जी. एं.च्या नावावर. ज्या माणसानं ‘काजळमाया’ लिहिली त्याला या अरण्यात काय दिसलं असेल, ही उत्सुकता कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी होती.

‘एका कोळियाने’ची गोष्ट तशीच. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला पु. ल. देशपांड्यांनी १९६५ साली मराठीत आणलं आणि नाव दिलं ते शाळेतल्या कवितेच्या सुरुवातीचे शब्द घेऊन. त्या कवितेतला कोळी म्हणजे जाळं विणताना पडणारा आणि पुन्हा चढणारा किडा. कादंबरीतला कोळी मासे मारणारा. एकाच शब्दात दोघे. ही कोटी इंग्रजीत होणं शक्य नाही, स्पॅनिशमध्येही नाही. क्यूबाच्या म्हाताऱ्याला ती फक्त मराठीत मिळाली. भाषांतरात काय हरवतं यावर लोक तासन्‌तास बोलतात. काय सापडतं त्याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही.

आमच्यातल्या इंजिनिअर मुलाचा यावर आक्षेप होता, आणि तो फालतू नव्हता. “म्हणजे जे मराठीत आलं तेवढंच जग? आणि आलंय ते तरी कुठून? बहुतेक इंग्रजीतून. रशियन पुस्तक इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. दोनदा उकळलेला चहा.”

दोनदा उकळलेल्या चहाला मी गटेचं उदाहरण दिलं. ‘जागतिक साहित्य’ हा शब्दप्रयोग ज्याच्यामुळे रूढ झाला तो हा माणूस. ३१ जानेवारी १८२७ रोजी, त्याची संभाषणं टिपून ठेवणाऱ्या एकरमानशी बोलताना तो एका चिनी कादंबरीविषयी उत्साहानं सांगत होता आणि त्या ओघात म्हणाला की आता जागतिक साहित्याचं युग आलं आहे. गटेला चिनी येत नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी, १७९१ मध्ये, तो ‘शाकुंतला’वर भाळला होता. ते त्याच्यापर्यंत आलं कसं? कलकत्त्याला विल्यम जोन्सनं संस्कृत नाटक आधी लॅटिनमध्ये घातलं, लॅटिनवरून इंग्रजी केलं, ते १७८९ मध्ये छापलं. त्या इंग्रजीवरून गेऑर्ग फॉर्स्टरनं जर्मन केलं. गटेचा चहा तिसऱ्या उकळीचा होता! आणि त्यावर त्यानं शकुंतलेची स्तुती करणारी कविता लिहिली. मुलगा हसला, पण माघार घेतली नाही. म्हणाला, “गटे गटे होता. आपण आपलं बघू.”

त्याचं म्हणणं मनात राहिलं, कारण इंग्रजीच्या दारातून येण्याचे काही प्रकार खरंच हास्यास्पद आहेत. बानू मुश्ताक यांचं गाव हासन, कर्नाटकात. त्यांच्या कन्नड कथा दीपा भास्ती यांनी इंग्रजीत केल्या, २०२५ च्या मे महिन्यात त्या पुस्तकाला लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, आणि पुढच्याच बैठकीत आमच्या यादीत ‘जागतिक लेखिका’ म्हणून त्यांचं नाव आलं. हासन ते डोंबिवली, व्हाया लंडन. शेजारच्या भिंतीपलीकडची हाक ऐकायला आम्ही सातासमुद्रापलीकडचा भोंगा लावला होता. बुकरवाल्यांची एक गोष्ट मात्र मला आवडते : बक्षिसाची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. आपल्याकडे कितीतरी मुखपृष्ठांवर अनुवादकाचं नाव शोधायला चष्मा लागतो.

खरं तर त्या भिंतीत एक खिडकी कितीतरी वर्षांपासून उघडी आहे. उमा कुलकर्णी यांनी कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठीत आणले, ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ आणि बरंच काही. त्यांच्या घरची पद्धत अशी होती की पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचत आणि उमाताई ऐकून मराठीत उतरवत. म्हणजे एका भाषेचा आवाज आत जातो आणि दुसरीचं अक्षर बाहेर येतं. हे चित्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. त्याचा उपयोग पुढे झाला.

त्याआधी औरंगाबादविषयी सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत झालेली जागतिक लेखकांची सगळ्यांत परिणामकारक निवड कुठल्या सुसज्ज ग्रंथालयात झाली नाही. ती झाली नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले ते तिथल्या कृष्णवर्णीयांचं लेखन मनात घेऊन. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. जेम्स बाल्डविन, रिचर्ड राइट, राल्फ एलिसन ही नावं तिथल्या दलित तरुणांच्या बोलण्यात आली. ‘अमेरिकेचाही एक घेऊ’ असा हिशेब त्यामागे नव्हता. आपल्या जगण्याला शब्द हवे होते, आणि तसेच शब्द आणखी कुणी कुठे शोधतंय का, हे पाहायचं होतं. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली तेव्हा तिचं नावसुद्धा अमेरिकेतल्या ओकलंडहून, तिथल्या ‘ब्लॅक पँथर’वरून आलेलं होतं. नेमाड्यांचा देशीवाद बाहेरून आलेल्या वाऱ्याकडे संशयानं बघतो. त्या संशयात तथ्य आहे असं मला अनेकदा वाटतं. पण औरंगाबादचं उदाहरण आठवलं की मी थबकतो. गरज देशी असेल, तर पुस्तक कुठलंही असो, ते रुजतं.

आमची गरज कोणती? निवृत्त माणसं, नोकरदार बायका, दोन विद्यार्थी, एक इंजिनिअर. आम्हाला काही पँथर काढायची नव्हती. पण एक बोच सगळ्यांना होती. मुलं-नातवंडं इंग्रजीत वाचतात, आपण मराठीत, आणि आपलं वाचणं म्हणजे आता एक जुनी सवय उरली आहे की काय. ही बोच बोलून दाखवल्यावर गुगी वा थिओंगो हे नाव पुढे आलं. नाव काढलं ते त्याच इंजिनिअरनं.

गुगी केनियाचे. इंग्रजीत कादंबऱ्या लिहून नाव झालेलं होतं. १९७७ मध्ये गावकऱ्यांबरोबर गिकुयू भाषेत नाटक केलं, आणि वर्ष संपता संपता सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. इंग्रजीत लिहीत होते तोवर सोसलं. शेतकरी-कामगारांना कळेल अशा भाषेत बोलले, ते सोसलं नाही. कामिटीच्या तुरुंगात त्यांनी गिकुयूमध्ये पहिली कादंबरी लिहिली, संडासाच्या कागदावर. ती १९८० मध्ये छापून आली आणि मग जे झालं ते मला साहित्याच्या इतिहासातलं फार देखणं प्रकरण वाटतं. घरांत संध्याकाळी कुणीतरी ती मोठ्यानं वाची आणि बाकीचे ऐकत. बारमध्येही वाचन होई. वाचणारा रंगात आलेल्या जागी नेमका थांबे आणि रिकामा पेला खाली ठेवी. तो भरल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे.

मराठी प्रत आम्हाला मिळाली नाही. मिळाली ती खुद्द गुगींनी केलेल्या इंग्रजी भाषांतराची, एकच. कुणीतरी पीडीएफ पाठवतो म्हणालं. आम्ही नको म्हटलं. सगळ्यांनाच तसं वाटलं असं नाही, पण ज्या लेखकानं कागदासाठी एवढे हाल काढले त्याचं पुस्तक चोरून वाचायचं, हे काकांना पटेना. मग कुलकर्णी दांपत्याची रीत उसनी घेतली. मुलगा इंग्रजी परिच्छेद वाचणार, आमच्यातल्या शिक्षिका बाई तिथल्या तिथे मराठीत सांगणार.

कथेतली वारिंगा नैरोबीत नोकरी गमावते, घरमालक तिला बाहेर काढतो, आणि ती मटाटूत बसून गावाकडे निघते. ‘मटाटू’वर बाई अडल्या. “टॅक्सी म्हणू? मिनीबस?” मुलानं फोनवर चित्र दाखवलं : दाराला लटकलेला पोऱ्या, खचाखच भरलेली गाडी. नर्सताई मूळच्या साताऱ्याकडच्या. त्या एकदम म्हणाल्या, “अहो बाई, वडाप की!” सगळे हसले. त्यानंतर ती गाडी शेवटपर्यंत वडापच राहिली. तिच्यात कोण चढतं, कोण कुणाशी काय बोलतं, भाडं कसं ठरतं, काहीच समजावून सांगावं लागलं नाही. केनियाचा माणूस कसा असतो, असं एकानंही विचारलं नाही.

या डिसेंबरात तक्ता आला नाही. वर्षाला बाराऐवजी तीनच लेखक घ्यायचे, एकेकाला चार महिने द्यायचे, असं ठरलं. एकाचे आणणारे विश्वासाचे हवेत, एक भिंतीपलीकडचा, आणि एकाची मराठी आम्ही बैठकीत करायची. नावांवरून भांडण झालंच. मुलाला काफ्का हवा होता, काकांना अजून रशिया सुटत नव्हता, नर्सताई म्हणाल्या की यंदा तरी एक बाई घ्या. दीड तास गेला, पोहे थंड झाले, आणि काहीही ठरलं नाही.

शेवटी बाईंनी पिशवीतून मागच्या वेळचं पुस्तक काढलं. वडाप अजून गावाला पोचली नव्हती. त्या वाचायला लागल्या. आता त्या मुलासाठी थांबत नाहीत, थेट मराठीतच सांगतात. गाडी रस्त्यात थांबली, कुणीतरी अनोळखी माणूस चढला, आणि तो बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि रिकामा कप पुढे सरकवला.

काकांनी थर्मास उचलला.