मागचं इंजिन



गोव्यातल्या आपल्या बार्देशात रेल्वे आली ती 1998 साली, कोकण रेल्वेसोबत. आणि आली तीच डिझेलवर. वाफेचं इंजिन पाहायचं तर मडगाव, वास्को गाठावं लागे. मुरगाव बंदर ते कॅसलरॉक ही गाडी तिकडे 1880 च्या दशकातच धावू लागली होती. आमची पहिली गाडी मात्र काड्यापेट्यांची. दोऱ्यात ओवलेले डबे, आणि झुकझुक तोंडानेच काढायची.

वय वाढलं की खेळ सुटतो. पुण्याच्या भाऊसाहेब जोशींचा तो सुटला नाही. छोट्या गाड्या, रूळ, सिग्नल यांत ते रमले, आणि 1998 मध्येच कोथरूडला त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं.

दूधसागरचा घाट चढताना जड गाडीला मागूनही इंजिन लावतात. सगळ्यांचं लक्ष पुढच्या इंजिनाकडे असतं. पण चढ पार होतो तो मागच्याच्या रेट्याने. नोकरी, संसार हे आपलं पुढचं इंजिन. छंद हे मागचं. त्याने पगार वाढत नाही, पण चढावर दम टिकतो.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी काड्यापेटीची गाडी धूळ खात पडली असेल. आज संध्याकाळी ती खाली काढा. शेजारी नातवंड बसलं, तर झुकझुक त्याला करू द्या.