पुंडलिकाची वीट आणि आपली कामे

माउली, कथा आपणा सर्वांना पाठ आहे. भगवंत दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत होता. त्याने देवाकडे एक वीट सरकवली आणि तिच्यावर थांबायला सांगितले. कीर्तनात हा प्रसंग आला की आपण जयजयकार करतो आणि पुढे जातो. पण त्या घटकेला पुंडलिकापुढे दोन कामे होती, इकडे आपले लक्ष जात नाही. एक रोजचे, म्हाताऱ्या देहाचे पाय चेपण्याचे. त्यात नवे काही नाही, कौतुक करायला कोणी नाही. दुसरे देवदर्शनाचे, ज्याच्याहून गोड काही नाही. त्याने गोड काम थांबवून ठेवले.

आपली अडचण इथेच आहे. माळकरी माणूस संध्याकाळी गुत्त्यावर जावे की घरी, असा विचार करीत बसत नाही. त्याची फसगत होते ती चांगल्या कामांतच. भावाशी वाटणीचे बोलणे दोन वर्षे राहिलेले असते. ते बोलायचे ठरवले की नेमकी देवघराची तांब्याची भांडी चिंचेने घासायची आठवण होते. छातीत कळ येते, डॉक्टरला दाखवायला हवे, पण सप्ताहाची वर्गणी गोळा करायची आहे ना! आईला नीट ऐकू येत नाही, तिच्याजवळ बसून तेच ते चारदा ओरडून सांगावे लागते. त्यापेक्षा मोबाइलवर बुवांचे कीर्तन लावलेले बरे वाटते. यातले एकही काम वाईट नाही. म्हणून तर कोणी टोकत नाही, आणि आपले मनही टोकत नाही. वाईट कामाच्या आड लपलेला माणूस लवकर सापडतो. चांगल्या कामाच्या आड लपलेल्याला लोक हार घालतात.

कठोपनिषदात यमाने नचिकेताला सांगितलेली गोष्ट हीच आहे. श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचे आणि आवडीचे, दोन्ही माणसापुढे येतात, आणि दोहोंतला फरक त्याला ओळखावा लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले. सुरुवातीला विषासारखे आणि शेवटी अमृतासारखे ते सात्त्विक. सुरुवातीला अमृत आणि परिणामी विष ते राजस. आणि निद्रा, आळस, प्रमाद यांतून येणारे ते तामस. आपण आळसाला तामस म्हणून लगेच ओळखतो. पण हिताचे टाळून आवडीचे करणारा माणूस आळशी दिसतच नाही. तो दिवसभर राबत असतो.

मग ओळखायचे कसे? माझी एक साधी खूण आहे. जे काम आठवताच चहा प्यावासा वाटतो, बहुधा तेच आधी करायचे असते. दुसरी खूण दिंडीत मिळते. टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभे राहायला शंभर हात तयार असतात. पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी गोळा करायला, मोठी पातेली घासायला किती येतात, ते ज्याने मुक्कामाची व्यवस्था सांभाळली आहे त्याला विचारा. ज्या कामाला उमेदवार पुष्कळ, ते तुमच्यावाचून अडत नाही.

इथे कोणी गोरोबाकाकांचे उदाहरण देईल. पत्नी मुलाकडे लक्ष ठेवायला सांगून पाण्याला गेली, काका माती तुडवता तुडवता नामात देहभान विसरले आणि मूल पायाखाली आले. देवाने ते पुन्हा दिले, असा कथेचा शेवट आहे. म्हणजे भजनापुढे घरचे काम गौण, असे कोणी म्हणेल. मला हा अर्थ पटत नाही. काकांना देहाचे भान नव्हते; आपल्याला असते. भजनात बसल्यावरही घरी कोणते काम टाकून आलो आहोत ते आपल्याला चांगले ठाऊक असते, मागे बसलेल्या पाहुण्याला चहा मिळाला की नाही हेही दिसते. ही तल्लीनता नव्हे, ही सोय आहे. आणि त्या कथेत चिखलात एक मूल होते, हे विसरून तिचा गोडवा गाऊ नये.

यावर आपल्या संप्रदायाने तोड काढून ठेवली आहे, ती म्हणजे नेम. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. पहाटे दोनच्या पहाऱ्याला उभे राहावे असे कोणाच्या मनाला वाटते? कोणाच्याही नाही. पण पहाऱ्याच्या यादीत नाव आहे, आधीचा विणेकरी वाट पाहतो आहे, म्हणून माणूस उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि वीणा गळ्यात घेतो. मनाला विचारलेच जात नाही. हीच रीत घरी आणा. डॉक्टरकडे जायचा वार आजच ठरवा आणि सोबत येणाऱ्याला सांगून ठेवा. भावाशी बोलायचे ते एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी, असे त्याला कळवूनच टाका. त्याला ठाऊक झाले की तो तुमचा पुढचा विणेकरी झाला.

आषाढीच्या वारीचेही पाहा. पाऊस वेळेवर झाला तर पेरणी उरकून पाय आळंदीची, देहूची वाट धरतात. पाऊस लांबला की जीव टांगणीला लागतो. अशा वर्षी पेरणीसाठी मागे राहून, तिफण ठेवल्यावर वाटेत कुठेतरी दिंडी गाठणारा शेतकरी वारीला उशिरा आला, असे मी तरी म्हणणार नाही. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. मात्र ‘मळा हाच विठ्ठल’ म्हणत बांधावर झोपणाऱ्याला त्यांचे नाव घेता यायचे नाही. मळा राखायचा तर पाणी धरावे लागते, तण उपटावे लागते.

गोड ते सोडा, असेही नाही. नामाला हात लागत नाहीत. कडू काम हातांनी चालू असताना गोड ते तोंडाने चालू शकते. जनाबाईंचे आयुष्य नामदेवरायांच्या घरी दळणकांडणात गेले. पौर्णिमेला काल्यासाठी गोपाळपूरला गेलात की तिथे त्यांचे म्हणून दाखवतात ते जाते पाहा. विठ्ठल त्यांना दळू लागला, अशी कथा आहे. देव आला म्हणून त्यांनी दळण तसेच टाकले, अशी मात्र कथा नाही.